घरच्या स्विमिंग पूलच्या पाण्यासाठी नेमकी कोणती केमिकल्स घ्यावीत?

तुमचा पूल 8 बाय 4 मीटरचा, उघड्यावरचा. तीन महिने क्लोरीनच्या गोळ्या तरंगत्या डब्यात ठेवताय, पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) दिसतं आणि तरी पाणी हिरवट. वर विक्रेत्याने आठ केमिकल्सची यादी हातात दिलीय. माझं मत स्पष्ट सांगतो: यातली निम्मी यादी आत्ता विकत घेऊ नका, आणि गोळ्या आजच थांबवा.

बहुतेक गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही असतं, यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. ते वाईट नाही. ते अजिबात नसेल तर भर उन्हात बहुतेक क्लोरीन दोन तासांत संपतं. पण क्लोरीन वापरलं जातं आणि स्टॅबिलायझर पाण्यातच राहतं. ट्रायक्लोरमधून 10 पीपीएम क्लोरीन गेलं की सायन्युरिक ॲसिड साधारण 6 पीपीएमने वाढतं. रोज 2 पीपीएम धरलं तर तीन महिन्यांत ते शंभरच्या वर जातं. हवं असतं 30 ते 50. एवढं साठलं की क्लोरीन त्याच्याशी बांधलेलं राहतं. किट ते मोजतं, शेवाळाला मात्र त्याचा धाक उरत नाही. तुमच्या पाण्याचं हेच झालं असावं, पण आधी सायन्युरिक ॲसिडची तपासणी करून खात्री करा.

ते कमी करायला खात्रीचा उपाय एकच, पाणी बदलणं. अर्धं काढून ताजं भरलंत की प्रमाणही अर्ध्यावर येतं. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. भूजलाची पातळी वर असेल तर रिकामा पूल खालून उचलला जाऊन तडे जातात.

यापुढे रोजच्या वापराला मी लिक्विड क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट घेईन. ते मागे थोडं मीठ सोडतं, बाकी काही नाही. दोष एवढाच की ते टिकत नाही. उन्हात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत बराच कमजोर होतो, म्हणून थोडं थोडं आणावं. कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर (65 टक्क्यांची) जास्त टिकते, पण पाण्यात कॅल्शियम वाढवते. तुमचं पाणी आधीच जड असेल तर टाइल्सवर पांढरे थर बसतील. साधी ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते खरी, पण चुन्याचा गाळ उपसण्यात सुट्टीचा दिवस जातो.

प्रमाणाचं गणित सोपं आहे. सरासरी खोली सव्वा मीटर धरली तर तुमचं पाणी 40,000 लिटर. 1 पीपीएम म्हणजे 1,000 लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 40 ग्रॅम क्लोरीन, अर्थात 10 टक्क्यांचं लिक्विड सुमारे 400 मिली. ते संध्याकाळी, पंप चालू असताना टाका. सध्याचा हिरवेपणा घालवायला पाणी बदलल्यावर एकदम 4 लिटर घाला, भिंती ब्रशने घासा, फिल्टर चालू ठेवा आणि क्लोरीन 4 पीपीएमच्या खाली येईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नका.

क्लोरीनइतकंच लक्ष पीएचकडे, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याकडे हवं. पीएच 7.5 ला निम्मं क्लोरीन जोरदार रूपात असतं, 8 ला जेमतेम पाव. 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा. लिक्विड वापरताना तो सहसा वर सरकतो, म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड लागेल. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) 80 पीपीएमच्या खाली गेली तर खाण्याचा सोडा पुरतो; वेगळ्या नावाच्या डब्यात तोच महाग मिळतो.

यादीतलं तांब्याचं शेवाळनाशक मी घेणार नाही. डाग पडतात, फिक्या रंगाचे केस हिरवट होतात. क्लॅरिफायर आणि फ्लॉक, म्हणजे बारीक गाळ एकत्र गोळा करणारी केमिकल्स, पाणी गढूळच राहिलं तरच घ्या. सुगंधी केमिकलचं तर नावच काढू नका: पूलचा तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो, घाम-लघवीशी क्लोरीन जोडलं जाऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो, आणि तो घालवायला उलट आणखी क्लोरीन लागतं.

वाचलेले पैसे डीपीडी (क्लोरीनमुळे गुलाबी होणारं रसायन) थेंबांच्या किटवर घाला. पिवळा रंग देणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं मुक्त, म्हणजे क्लोरामाइन वगळून उरलेलं, किती ते कळत नाही.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. उरलेल्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोची पावडर एका डब्यात, एका मापातही येता कामा नये. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू निघतो, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी कधीच नाही.