उतामारोचे चित्र आणि परतीची शिल्लक

तोक्योतील निशिकासाई येथे राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, दोन वर्षांनी कायमचे पुण्याला परतायचे असून शिल्लक 40 लाख येन आहे. तोक्योतल्याच जिम्बोचो भागातील एक विक्रेता गेइशांचे, प्रसिद्ध जपानी चित्रकार उतामारो याची सही असलेले जुने काष्ठठसा-चित्र (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून कागदावर छापलेले चित्र) 12 लाख येनला देतो आहे, तर ते गुंतवणूक म्हणून घ्यावे का?

गुंतवणूक म्हणून घेऊ नये, असे माझे मत आहे. चित्रावर व्याज मिळत नाही. विकायला काढल्यावर दुकानदार स्वतःचा नफा राखूनच भाव देतो आणि लिलावात कमिशन कापले जाते, त्यामुळे बाजारभाव बराच चढल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही. पुण्यात गिऱ्हाईक मिळणे तर आणखी कठीण.

त्यातही उतामारो हे नाव जोखमीचे आहे. तो 1806 मध्ये वारला, परंतु त्याच्या चित्रांचे ठोकळे मेइजी काळात (1868 ते 1912) आणि पुढेही नव्याने कोरले गेले, आणि त्यांत मूळ सही, प्रकाशकाचे चिन्ह व ‘किवामे’ हा परवानगीचा शिक्काही हुबेहूब उतरवला गेला. म्हणून शिक्क्यावर विसंबून चालत नाही. चित्र चौकटीतून काढायला लावून मागची बाजू पाहावी: दुसरा कागद डकवला आहे का, कडा छाटल्या आहेत का, कसरीची भोके बुजवली आहेत का. त्या काळी फुलांपासून केलेला निळा रंग उजेडाने आणि ओलाव्याने उडत असे, त्यामुळे तो मिसळून केलेला किमोनोवरचा जांभळा मळकट झालेला असेल तर किंमत उतरायलाच हवी. तो झगझगीत असेल, तर मात्र आधी शंका घ्यावी, कारण तसे रासायनिक रंग जपानमध्ये 1860 नंतर आले.

कराचेही पाहावे. भारतात कलाकृती ही घरगुती वापराची वस्तू धरली जात नाही. 24 महिन्यांहून अधिक काळ बाळगून विकल्यास नफ्यावर 12.5 टक्के कर व त्यावरील उपकर लागतो. खरेदीची पावती म्हणूनच जपून ठेवावी, आणि चित्र भारतात आणताना किती सीमाशुल्क पडेल हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

हौसच असेल (आणि पत्रावरून ती दिसतेच), तर दीड लाख येनची मर्यादा घालून कुनिसादा या उतामारोनंतरच्या चित्रकाराची चित्रे पाहावीत. त्याने अफाट काम केले, त्यामुळे त्याची चित्रे पुष्कळ स्वस्त मिळतात. हा पैसा बोनसमधून जावा. स्थलांतराच्या शिलकीला हात लावू नये. तरीही उतामारोच हवा असेल, तर छपाई कोणत्या काळातली व दुरुस्ती कोणती झाली हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे. तो टाळाटाळ करू लागल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.