प्लॉट आहे, पण हप्त्याला पैसे नाहीत: हे दिवाळं म्हणायचं का?

"मॅडम, आमचं दिवाळं निघालंय का, ते एकदा सांगून टाका."

कर्जाच्या सल्ल्यासाठी येणारे बरेच जण हाच प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा बायकोला बाहेर बसवून. हे गृहस्थ मात्र जोडीनं आले होते. वय 47, तालुक्याच्या गावात फ्लेक्स आणि ऑफसेट छपाईचा धंदा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वहिनींनी पिशवी टेबलावर रिकामी केली: पतसंस्थेचं पासबुक, सोनाराच्या पावत्या, उधारीची वही आणि बँकेची तीन पाकिटं. तिन्ही न फोडलेली.

त्यांच्याकडे तहसीलदारांचा 25 लाखांचा ऐपतीचा दाखला होता. मागे सरकारी छपाईच्या निविदेसाठी काढलेला. "कागदावर ऐपतदार आणि पाच तारखेला हप्ता भरता येईना. मग खरं काय समजायचं?" त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दाखला मालमत्तेची किंमत सांगतो. हप्ता भरायला लागते रोकड. मालमत्ता देण्यापेक्षा जास्त, पण वेळेला पैसा हाती नाही, तो माणूस अडकलेला असतो. सगळं विकूनही देणं फिटत नाही, तो बुडालेला. दोघांनाही वसुलीवाल्याचे फोन सारखेच येतात, म्हणून दोघांनाही आपण बुडालो असंच वाटतं.

आधी देणी मांडली. मशीनचं कर्ज 9 लाख 40 हजार, कॅश क्रेडिट (धंद्यासाठी बँकेनं ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतची उचल) 6 लाख, पतसंस्था साडेतीन लाख, क्रेडिट कार्ड 1 लाख 80 हजार, पाहुण्यांकडून हातउसने 2 लाख 30 हजार, कागदवाल्या व्यापाऱ्याचे दीड लाख. एकूण साडेचोवीस लाख.

मालमत्तेच्या बाजूला आमची बरीच घासाघीस झाली. मशीन त्यांनी 16 लाखांचं लिहिलं. "तो घेतानाचा भाव झाला, दादा. आज कोण किती देईल?" बऱ्याच वेळानं 6 लाख म्हणाले. हायवेजवळचा प्लॉट 18 लाखांचा, पण महिना-दोन महिन्यांत गिऱ्हाईक हवं तर साडेचौदा. सोनं 4 लाख. उधारीच्या वहीत 5 लाख 70 हजार येणं होतं, त्यातले निम्म्याहून जास्त निवडणुकीतल्या उमेदवारांकडे. निवडून आलेल्यांकडून एक वेळ मिळतील. पडलेल्या उमेदवाराची उधारी मी तरी मालमत्तेत धरत नाही. अडीच लाख धरले. राहतं घर वडिलांच्या नावावर, ते यादीतच नाही. बेरीज 27 लाख. म्हणजे सगळं देऊन अडीच लाख उरत होते.

वहिनींनी मोकळा श्वास सोडला, पण हिशेब अजून संपला नव्हता. दुकानाचा खर्च जाऊन महिन्याला 62 हजार हाती येत. घरखर्च 24 हजार, उरले 38. हप्ते आणि व्याज मिळून 71 हजार. दरमहा 33 हजारांची तूट, आणि ती कार्डावरून किंवा नव्या हातउसन्यानं भरली जात होती. अडीच लाखांची शिल्लक या वेगानं सात-आठ महिन्यांत संपते. आज अडकलेला माणूस तेव्हा खरोखर बुडालेला असणार होता. माझ्या मते हिशेबातली महत्त्वाची ओळ हीच, आणि नेमकी हीच कुणी मांडत नाही. हप्ता कसाबसा भरला की महिना निभावला असं वाटतं. एकही हप्ता न चुकवलेले पगारदारसुद्धा मी बुडालेले पाहिलेत. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावरून भरत राहिलं की वसुलीचा फोन बराच काळ येत नाही, एवढंच.

"तुरुंगात टाकतील का?" हा वहिनींचा प्रश्न. निव्वळ कर्ज थकलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही, तो दिवाणी मामला आहे. न वटलेल्या चेकचं तसं नाही. चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोटीस हाती पडल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले तर खटला टळतो. कागदवाल्याला पुढच्या तारखेचा चेक दिलेला होता, म्हणून तो देण्यांच्या यादीत सर्वात वर गेला. मुलाची काळजी होती, तर तो कुठे जामीनदार नव्हता. वडिलांचं कर्ज वारसाला मिळालेल्या इस्टेटीपुरतंच फेडावं लागतं. आणि वसुली एजंटनं सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कुणीतरी त्यांना सुचवलं होतं, प्लॉट बायकोच्या नावावर करा आणि नादारीचा, म्हणजे कोर्टाकडून दिवाळखोर ठरवून घेण्याचा, अर्ज टाका. असे सल्लागार प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतात. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झालाय, तोही 1 डिसेंबर 2019 पासून. बाकीच्यांना मुंबईत 1909 चा आणि इतरत्र 1920 चा इंग्रजांच्या वेळचा नादारी कायदा. त्यात कोर्ट मालमत्ता ताब्यात घेऊन ज्यांचं देणं आहे त्यांच्यात वाटप करतं, आणि अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांतलं असं बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं. खरंच काही उरलं नसेल त्याला या कायद्याचा आधार आहे. यांच्याकडे साडेचौदा लाखांचा प्लॉट होता.

तो विकायचा म्हटल्यावर ते गप्प झाले. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला. "गाव काय म्हणेल?" मी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडे सरकवला. साडेचौदातून पतसंस्था, कार्ड, पाहुणे आणि कागदवाला मिळून 9 लाख 10 हजार फिटतात. उरलेले 5 लाख 40 हजार मशीनच्या कर्जात भरले की तिथे 4 लाख राहतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला तर 29 हजारांचा बारा-साडेबारा होतो. कॅश क्रेडिटचं व्याज 6 हजार. म्हणजे 71 हजारांच्या जागी साधारण साडेअठरा, आणि हाती 38.

"आणि लग्नाचं?" वहिनींनी विचारलं. तूट थांबली, आणि वर महिन्याला किती उरतंय ते बघा, म्हटलं. त्यांनी ते बोटांवर मोजलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

बँकेची पाकिटं तिथेच फोडली. दोन साध्या आठवणी होत्या, तिसऱ्यात शाखेत येऊन हप्त्याबद्दल बोला असं लिहिलेलं होतं. ते पत्र दोन महिन्यांपूर्वीचं. प्लॉट पुढे 14 लाख 20 हजारांना गेला. कमी पडलेले 30 हजार पाहुण्यांपैकी एकानं दिवाळीपर्यंत थांबवून घेतले. विक्रीवरच्या करासाठी त्यांना सीएकडे पाठवलं, तो आकडा आमच्या कागदावर नव्हता. कॅश क्रेडिट अजून पूर्ण वापरलेलंच आहे, त्यावर काम चालू आहे. फ्लेक्सला आता निम्मे पैसे आगाऊ, उमेदवार असेल तर सगळे.