कोर्ट कुठलं, ते आधी बघ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम 14 वाचून दाखवलंस आणि तरीही न्यायाधीश साहेबांनी त्या डॉक्टरच्या दाखल्याला निशाणी दिली नाही, म्हणजे तो पुरावा म्हणून नोंदवला नाही, म्हणून तू धुमसते आहेस. धुमसू नकोस, साहेबांचं बरोबर आहे. पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही वाद सोडवायला उपयोगी वाटला तर विचारात घ्यायची मुभा ते कलम देतं, हे खरं. पण ती मुभा 1984 च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयाला आहे. तू उभी होतीस दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. हिंदू विवाह कायद्याचे अर्ज तेही चालवतात, पण तेवढ्याने ते कौटुंबिक न्यायालय होत नाही. डॉक्टरच्या नावे साक्षीसमन्स काढ, सरतपास घे, म्हणजे आपल्या बाजूने त्याची साक्ष नोंदव, कागद आपोआप शाबीत होईल.

हा घोळ आपल्याकडे नेहमीचा. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात कौटुंबिक न्यायालय काढणं सरकारवर बंधनकारक आहे. इतरत्र सरकारला गरज वाटली तर. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत दहा लाखांचं शहर कुठलं काढशील? पक्षकार मात्र निम्मे मुंबईत. मग कोणीतरी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या ऑर्डरची झेरॉक्स घेऊन येतो आणि आपण ती तालुक्याच्या कोर्टात वाचतो. अर्जाचा मसुदा करण्याआधी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिही: कोर्ट कुठलं, कायदा कुठला, प्रक्रिया कुठली.

कौटुंबिक न्यायालयातली मोकळीकही वाटते तेवढी मोकळी नाही. कलम 10 प्रमाणे तिथेही मुळात दिवाणी प्रक्रिया संहिताच लागते, पोटगीच्या फौजदारी अर्जाला फौजदारी प्रक्रिया. स्वतःची पद्धत आखायची सवलत आहे ती तडजोड घडवायला किंवा खरं काय ते शोधायला. समोरच्याचा उलटतपास कापायला नाही. साक्षीचा सारांश लिहून घेता येतो, साक्षच टाळता येत नाही. आणि तिथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, हे कलम 13 विसरू नकोस. वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्ज जोड. परवानगी बहुधा मिळते, पण अर्ज नसेल तर पहिली तारीख फुकट.

उलट, तालुक्यात जे हाताशी आहे ते कोणी वापरत नाही. दिवाणी संहितेचा आदेश 32-अ, 1976 च्या दुरुस्तीने आलेला, खास कुटुंबाच्या वादांसाठी. बंद दालनात सुनावणी, तडजोडीचा प्रयत्न करायचं कोर्टाचं कर्तव्य, कुटुंबकल्याणातल्या जाणकाराची, शक्यतो स्त्रीची, मदत. एवढं सगळं त्यात आहे. कलम 14 च्या जागी हे वाचलं असतंस तर साहेबांनी ऐकून तरी घेतलं असतं.

आता समन्सची बजावणी. कोकणातल्या केसेस इथेच मरतात. बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, वाडीत जातो, घराला कुलूप, शेजारची काकी सांगते, तो मुंबैस, गणपतीत येईल. बेलीफ दाराला प्रत डकवतो, 'घर बंद' असा शेरा मारून कागद परत करतो, आणि समोरचा हजर नाही म्हणून आपण लगेच एकतर्फाचा अर्ज देतो. आदेश 5, नियम 17 नीट वाच. पुरेसा शोध घेतला का, घर कोणी दाखवलं, कोणासमोर डकवलं, ही नावं-पत्ते अहवालात लागतात. अहवालासोबत बेलीफचं शपथपत्र नसेल तर नियम 19 प्रमाणे त्याला शपथेवर तपासावं लागतं. हे झालं नाही तर शिमग्याला गावी आलेला नवरा सगळा हुकूमनामा उलटवतो. म्हणून पहिल्याच अर्जात गावचा आणि मुंबईतल्या खोलीचा, दोन्ही पत्ते दे.

एकतर्फा हुकूम उलटवायची मुदतही सगळीकडे सारखी नाही. दिवाणीत आदेश 9, नियम 13 खाली 30 दिवस. मॅजिस्ट्रेटकडच्या पोटगीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125 आणि 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 144, तिथे तीन महिने. त्याच पोटगीची थकबाकी वॉरंटने वसूल करायची तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज हवा. बायका वाट बघत बसतात, 'देतो म्हणालाय' म्हणून, आणि जुने महिने हातातून जातात. हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत सांग.

रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 4 नोव्हेंबर 2020. त्या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता-देण्याचं शपथपत्र द्यावंच लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. आपल्याकडे ते शपथपत्र वाचायला डोळा लागतो. सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यात नवऱ्याचं अकरावं, म्हणून तो लिहितो 'शेतीचं उत्पन्न नाही'. आंब्याची कलमं कोणाच्या ताब्यात, बाग कराराने कोणाला दिली, पैसे कोणाच्या खात्यावर येतात, हे उलटतपासात विचार. बोटीवर नोकरी करणारा घरी असलेल्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडतो. तू करारावर असलेल्या महिन्यांचं माग. आणि आपल्या अशिलाने दुसऱ्या कोर्टात आधी काही पोटगी मिळवली असेल तर ती लपवू नकोस, तोच निकाल ते उघड करायला सांगतो.

अपिलाचं. वरिष्ठ स्तराच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात, 90 दिवस. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर थेट उच्च न्यायालयात. कलम 19 मध्ये 30 दिवस लिहिलेत, आणि हिंदू विवाह कायद्याच्या बाबतीत 90 मिळतात असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने म्हटलंय. तू तिसाव्या दिवसाच्या आत घाल, कशाला तो वाद ओढवून घ्यायचा? संमतीच्या हुकूमनाम्यावर त्या कलमाखाली अपीलच नाही, तेव्हा पुरसिसवर, म्हणजे तडजोडीच्या लेखी निवेदनावर, सही घेताना अशिलाला मराठीत वाचून दाखव. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं उच्च न्यायालयातलं काम 18 ऑगस्ट 2025 पासून त्याच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे; रायगडचं अजून मुंबईलाच. निकाल लागेल त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाक. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, अर्ज टाकायला तू लावलेले वगळत नाहीत.

कळावे.