स्नॉर्कल कोणता घेऊ आणि पाण्यात डोकं का ठणकतं?

प्रश्न : दादा, मी भुसावळचा, वय २६. मामाच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, आता बुडी मारून तळाची माती वर आणतो. डिसेंबरात मित्रांसोबत तारकर्लीला जायचंय, फ्रीडायव्हिंग, म्हणजे सिलिंडरशिवाय एका श्वासावर खोल बुडी, नीट शिकायचं मनात आहे म्हणून ऑनलाइन ड्राय टॉप स्नॉर्कल, म्हणजे तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायची नळी, मागवला, तो वर डबी असलेला. दोन महिने झाले दर रविवारी विहिरीवर प्रॅक्टिस चालू आहे पण अर्ध्या-पाऊण तासात डोकं असं ठणकू राहतं की विचारू नका, कपाळ आणि मागे मानेपाशी, संध्याकाळपर्यंत जात नाही. आई म्हणते हे सोड. स्नॉर्कल बदलू का, कोणता घेऊ? एक सांगायचं राहिलं, बुडीच्या आधी मी व्हिडिओत पाहिले तसे २०-२५ श्वास जोरजोरात घेतो, त्याने जास्त वेळ खाली राहता येतं. बहुतेक वेळा एकटाच असतो.

उत्तर : भाऊ, स्नॉर्कलचं सांगतोच, पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी वाचून काळजात धस्स झालं म्हणून आधी त्या घेतो. ते जोरजोरात श्वास घेणं आजपासून बंद. आणि एकट्याने बुडी मारणं पण बंद, विहीर असो, धरण असो नाहीतर समुद्र.

का ते समजून घ्या. पाण्याखाली छातीत जी घालमेल होते, श्वास घे श्वास घे असं शरीर ओरडतं, ते ऑक्सिजन संपला म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून ओरडतं. कोरोनात घरोघरी ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं, त्यावर धडधाकट माणसाचं ९७-९८ दिसायचं ना, म्हणजे रक्त ऑक्सिजनने आधीच भरलेलं असतं. २५ काय १०० श्वास घेतले तरी त्यात फार भर पडत नाही. तुम्ही फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकता आणि धोक्याची घंटा बंद करून खाली जाता. घंटा उशिरा वाजते म्हणून जास्त वेळ राहता येतं, ऑक्सिजन मात्र आपल्या वेगाने संपतोच. त्यात १० मीटरवरून वर येताना शरीरावरचा दाब निम्मा होतो, फुप्फुसातल्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनचा दाबही तसाच घसरतो आणि माणूस शेवटच्या दोन-चार मीटरमध्ये, कधी तर डोकं पाण्याबाहेर आल्यावर, बेशुद्ध होतो. आधी चक्कर नाही, घाबरल्यासारखं नाही, काहीच कळत नाही. सोबत पोहता येणारा, तुमच्याकडेच बघत असलेला माणूस असेल तर तो तोंड पाण्याबाहेर धरतो, डोळ्या-नाकावरचा काचेचा मास्क काढतो, बहुतेक जण काही क्षणात शुद्धीवर येतात. एकटा असला तर काय होतं ते लिहायला नको. काठावर बसून मोबाइल बघणारा मित्र सोबतीत धरायचा नाही. एक खाली, एक वर, आणि वरच्याने डोळे काढायचे नाहीत, एवढा नियम.

आता डोकं. तुम्ही लिहिलंय तशा दुखण्यात पहिला संशय त्याच कार्बन डायऑक्साइडवर, फक्त उलट बाजूने. बुडीच्या आधी तुम्ही तो उधळून टाकता आणि नंतर नळीत तोंड घालून तरंगताना तो साठवता. हिशोब बघा, शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली दीडशेएक मिलिलिटर नाक-घसा-श्वासनलिकेतच राहते, कामाला येत नाही. स्नॉर्कलची नळी ३५ सेंटिमीटर लांब आणि आतून २ सेंटिमीटर रुंद धरली तर तिच्यात ११० मिलिलिटर मावते. मागच्या वेळी सोडलेली वापरलेली हवा तिथेच उभी असते, पुढच्या श्वासाला तीच आधी आत जाते. म्हणजे ५०० पैकी ताजी हवा पोचते २४०. छोटे छोटे घाबरे श्वास घेतले, ३००-३०० चे, तर ताजं जवळजवळ काहीच नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकायला लागतं. गोळी घेऊन हे सुटणार नाही, श्वासाची सवय बदलूनच सुटेल.

सवय कशी, तर घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. तीन मोजत पोटातून घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, घाई नाही, नळीतून हूऽऽ असा लांब आवाज स्वतःच्या कानाला यायला पाहिजे. तो आवाज तुटक यायला लागला की समजायचं आपण वरवर श्वास घेऊ राहिलो. बुडी मारायच्या आधी असे शांत श्वास, मग एक पूर्ण भरून घ्यायचा आणि खाली. वर आल्यावर आधी फुस्सकन सगळं सोडून न देता थोडं सोडायचं, पटकन पूर्ण घ्यायचं, क्षणभर धरायचं, असं तीन-चारदा. आणि विश्रांती! एक मिनिटाची बुडी तर वर किमान दोन मिनिटं, नवख्याने त्याहून जास्त. आपले लोक विहिरीत कसे, मुटका मार, वर ये, परत मार, कोण किती माती आणतो याची पैज, त्यात शरीराला मागचा साठा बाहेर टाकायला वेळच मिळत नाही आणि पाऊण तासाने डोकं धरून बसायची पाळी येते.

बाकी कारणं पण तपासा. मी पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा मास्कमध्ये पाणी शिरायचं म्हणून पट्टा ओढून ओढून इतका आवळला होता की संध्याकाळी जेवायला बसलो तरी चेहऱ्यावर लाल गोल रिंगण तसंच होतं आणि डोकं फुटायला आलेलं. होडीतल्या एका म्हाताऱ्या खलाशाने काही न बोलता माझा पट्टा दोन बोटं सैल केला, कानाच्या वर सरकवला, मिशीकडे बोट दाखवलं. गळती मिशीतून होती! नाकाखालची चार केसं कापली आणि सैल पट्ट्यात मास्क चपखल बसला. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हळूच हवा ओढा, हात सोडल्यावर तो चिकटून राहिला पाहिजे. राहिला नाही तर तो तुमच्या चेहऱ्याचा नाही, कितीही महाग असू द्या.

मानेमागचं दुखणं बहुधा मान वर करून पुढे बघत पोहल्याने, नजर सरळ खाली ठेवा. माऊथपीस दातांनी करकचून चावू नका, ओठांनी धरायचा असतो, चावला की जबडा आखडतो आणि कानशिलं दुखतात. पाणी कमी प्यायलात, डोक्यावर ऊन, आणि रोजचा सकाळचा चहा चुकला, यानेही दुखतं. पोटाचं पण बघा, भरीत-पुरी हाणून लगेच पाण्यात उतरू नका आणि एकदम उपाशीही नको, अर्धं केळं खाऊन गेलात तरी चालेल. आणि विहिरीवर लाइट नसताना डिझेलचं इंजिन चालू केलं असेल तर त्या विहिरीत उतरूच नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खाली कोंडतो, डोकं दुखणं ही त्याची पहिली खूण आणि दुसरी खूण कळेपर्यंत उशीर झालेला असतो. होडीत सुद्धा इंजिनच्या धुराकडे तोंड करून बसू नका.

आता तुमचा स्नॉर्कल. ड्राय टॉपची डबी वरवर तरंगत फोटो काढणाऱ्यांना बरी, लाट आली की आतला फ्लोट नळीचं तोंड बंद करतो. पण बुडी मारणाऱ्याला ती अडचण, हवा धरून ठेवते, खाली जाताना वर ओढते, हलते, आणि फ्लोट अडकला तर ऐन वर आल्यावर श्वास ओढायला जावं तर हवाच येत नाही. खालचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे फुंकलं की नळीतलं पाणी बाहेर सोडणारी एकतर्फी झडप, पाणी काढायला सोपा, पण त्यात वाळूचा एक कण बसला की गळतो. तुमच्या कामाला साधा जे आकाराचा स्नॉर्कल घ्या, डबी नाही, व्हॉल्व्ह नाही, लांबी ३५-३८ सेंटिमीटर, त्याहून लांब नको, आतून साधारण २ सेंटिमीटर, नळी लवचिक, माऊथपीस मऊ सिलिकॉनचा, वरचं टोक भडक रंगाचं. दुकानात पाच मिनिटं तोंडात धरून उभे राहा, लाजू नका, जबडा तिथेच दुखला तर पाण्यात दुप्पट दुखणार.

आणि बुडी मारताना स्नॉर्कल तोंडातून काढायचा. हे बरेच जण करत नाहीत. तोंडात उघडी नळी असेल आणि खाली शुद्ध गेली तर पाण्याला घशापर्यंत सरळ रस्ता मिळतो, तोंड मिटलेलं असेल तर सोबत्याला वर आणायला वेळ मिळतो. शेवटचा श्वास घेतला, नळी काढली, ओठ मिटले, मग खाली. तारकर्लीला एखाद्या शिकवणाऱ्याबरोबर दोन दिवस काढा, व्हिडिओंपेक्षा ते कितीतरी बरं. आईला म्हणावं सोडत नाहीये, नीट शिकतोय.

प्रश्न : यावलहून लिहितोय, केळीचं शेत आहे. स्नॉर्कल म्हणजे शेवटी नळीच ना, मग ठिबकची १६ एमएमची लॅटरल कापून पोरांना करून दिली तर? लांब ठेवली तर मीटरभर खाली बसून पण श्वास घेता येईल असं शालक म्हणतो.

उत्तर : आप्पा, हे अजिबात करू नका आणि पोरांनी केलं असेल तर आजच काढून घ्या. १६ एमएम हे बाहेरचं माप, आतून ती आणखी अरुंद, अशा नळीतून श्वास ओढायला छातीला कितीतरी जास्त जोर लागतो आणि दहा मिनिटांत पोर दमतं. मीटरभर लांब नळीचं तर मरणच. २ सेंटिमीटर रुंदीची मीटरभर नळी घेतली तरी तिच्यात ३१४ मिलिलिटर मावते, वर लिहिलेला घशाचा दीडशे धरला की ४६४, म्हणजे ५०० च्या श्वासातलं ताजं उरलं ३६. तीच ती हवा आत-बाहेर. आणि ते पण छाती हलली तर! मीटरभर खाली पाण्याचा दाब वरच्या हवेपेक्षा एवढा जास्त असतो की एक फूट बाय एक फूट छातीवर साधारण ९० किलोची गोणी ठेवल्यासारखं होतं, फुप्फुसात मात्र नळीतून वरचीच हलकी हवा. ती गोणी उचलून श्वास घ्यायचा म्हटलं तर मोठ्या पहिलवानाला जमत नाही. शालकांना हा हिशोब वाचून दाखवा. लॅटरल केळीलाच राहू द्या.

प्रश्न : मुलगी १० वर्षांची, शहाद्यात स्विमिंग शिकली आहे. सुट्टीत समुद्रावर जाणार आहोत, तिला पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ का? नाकानेही श्वास घेता येतो म्हणून सोपा वाटतो.

उत्तर : ताई, मी तरी नाही घेणार. त्यात हवेची जागा मोठी, आतले व्हॉल्व्ह नीट बसले नाहीत तर सोडलेली हवा परत परत नाकात जाते, आणि मुलं कपाळ दुखतं असं सांगत नाहीत, नुसती गप्प होतात. घाबरली तर साधा स्नॉर्कल थुंकून टाकता येतो, हा मास्क डोक्यावरून ओढून काढावा लागतो. शिवाय नाक चिमटीत धरता येत नाही म्हणून त्यात बुडी मारता येत नाही. मुलांच्या मापाचा साधा मास्क आणि आखूड, बारीक नळीचा मुलांचाच स्नॉर्कल घ्या, मोठ्यांचा नको कारण तिचा श्वास लहान आहे. आधी बादलीभर पाण्यात तोंड घालून सराव, मग पूलमध्ये, मग समुद्र, आणि तुम्ही हाताच्या अंतरावर.

प्रश्न : मी धुळ्याचा. दोन-तीन मीटर खाली गेलो की भुवईच्या वर सुई टोचल्यासारखं होतं, वर आल्यावर मास्कमध्ये नाकातून थोडं रक्त. नाकात ड्रॉप्स टाकून जाऊ का?

उत्तर : हे दुखणं वरच्या भुसावळच्या भाऊंपेक्षा वेगळं, हे सायनसचं. भुवईमागे हाडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांचं दार सर्दीने किंवा धुळीच्या अ‍ॅलर्जीने सुजून बंद झालं की आतली हवा बाहेरच्या दाबाशी जुळत नाही. फुगा दाबला तर लहान होतो, हाडाची पेटी होत नाही, मग आतलं अस्तर सुजून जागा भरतं आणि रक्त येतं. ड्रॉप्स टाकून जाऊ नका. वर असर चांगला वाटतो आणि खाली असताना उतरला तर हवा आत कोंडते, वर येतानाही दुखतं. सर्दी पूर्ण जाऊ द्या, धूळ उडवणारं शेतातलं काम त्या आठवड्यात दुसऱ्याला सांगा. कान-नाक मोकळं करणं, म्हणजे नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलणं, पाण्याच्या वरच सुरू करायचं आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरला करत राहायचं, दुखायची वाट बघायची नाही. दुखलं की थांबायचं, थोडं वर यायचं, तरी सुटलं नाही तर त्या दिवशी बुडी बंद. रक्त परत आलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कोणत्याही बुडीनंतर एकदम असह्य डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, एक बाजू जड पडली किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर झोपून बघू असं करू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि पाण्याखाली गेलो होतो, किती वेळा, किती खोल, हे तिथे आधी सांगा.