मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याचा रंग

नाशिक

प्रिय,

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी तू पाठवलेली चित्रं पाहिली. रेषेवर पकड आहे. अडतंय ते त्वचेच्या रंगात. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी मापं. मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट काढ. शीर्षकासाठी वरचा पाव भाग मोकळा हवा, नाहीतर मेहनतीने रंगवलेला गजरा अक्षरांखाली जातो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद भिजवून बोर्डावर गमटेपने, म्हणजे ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने ताण. दिवाळी अंकांची कामं ऐन पावसाळ्यात येतात आणि तेव्हा नाशिकच्या दमट हवेत थर लवकर वाळत नाहीत. तारीख देताना हे धरून चाल.

आता त्वचा. पोस्टर कलरचे फिके थर वाळल्यावर गडद होतात, गडद थर फिकटतात. प्रत्येक मिश्रण त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघ. गव्हाळ वर्णाला यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि किंचित लाल पुरतो. सावलीत काळा नको, बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा घाल. आणि नायिकेला उगाच गोरी करू नकोस, ती सवय आता जायलाच हवी. स्कॅन झाल्यावर त्वचेच्या भागातले छपाईच्या शाईंचे टक्के तपास: पिवळा किरमिजीपेक्षा (मॅजेंटा) थोडा जास्त, सायन (हिरवट निळा) किरमिजीच्या साधारण पाव ते तृतीयांश. सायन चढला की छापून आलेला चेहरा राखी दिसतो.

एअरब्रशला, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाला, ०.३ मिमीचं नोझल, कॉम्प्रेसरवर २० ते २५ पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ. शिंतोडे उडाले तर सुईच्या टोकावर रंग वाळलाय किंवा नळीत पाणी साचलंय; कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लाव. गालाची कडा स्प्रेने विरघळू दे, पण पापणी, नाकपुडी आणि ओठांमधली रेष ब्रशनेच घे. सगळंच मऊ केलं तर चेहऱ्यातला जीव जातो.

जुन्या पिढीतले मुखपृष्ठ-चित्रकार रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल: मुळगावकरांचा स्प्रे आणि दलालांची ब्रशची रेष शेजारी ठेवून अभ्यास कर. सार्वजनिक वाचनालयात जुने दिवाळी अंक मागून बघ. पैठणी रंगवायची तर येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. निरीत काठाची नक्षी कशी तुटते, ते नेसलेल्या साडीवरच कळतं.

कामाला हात घालण्याआधी लेखी करार कर. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला हक्क चित्रकाराकडे न राहता ते काढवून घेणाऱ्याकडे जातो. एकाच अंकापुरता वापर आणि मूळ चित्र परत, ही दोन्ही वाक्यं त्यात घाल. निम्मे पैसे आधी घे.

तुझा,
दादा