‘दिवसभर गेजवर स्टिकर लावतो, यात शिकायचं काय?’

इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून भोसरीच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये (मोजमापाची उपकरणं बरोबर दाखवतात का, हे तपासणाऱ्या) लागलेला मुलगा आईच्या आग्रहाखातर माझ्याकडे समुपदेशनासाठी आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बरोबरचे सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि हा आज चाकण, उद्या कुरकुंभ असा बॅगा घेऊन हिंडतो. "रीडिंग घ्यायचं, स्टिकर लावायचं, निघायचं. ओळखी होत नाहीत मॅडम. आणि मला बोलताही येत नाही." पहिल्या नोकरीतल्या मुलांकडून हे मी सारखं ऐकते.

मी म्हटलं, "मागच्या साइटवर काय केलंस, तेवढंच सांग."

मुलगा खुलला. डेअरीत दूध तापवणाऱ्या पाश्चरायझरचा पीटी-१०० सेन्सर, म्हणजे तापमान मोजणारा. मास्टरसोबत, म्हणजे खात्रीच्या अचूक सेन्सरसोबत, ठरावीक तापमानाच्या बाथमध्ये सोडला तर जवळजवळ एक अंश चढा दाखवत होता.

"मग?"

"रिपोर्टात लिहिलं."

"या एका अंशाने तिथे काय बिघडतं, कुणाला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मग तेवढंच काम दिलं: मोजमाप झालं की ते यंत्र रोज हाताळणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा. लाजऱ्या माणसाला ‘जरा लोकांत मिसळ’ सांगून काही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला बोलायला विषय लागतो, आणि इथे तर तो हातातच होता.

डेअरीतल्या ऑपरेटर मामांनी त्याला थेट पाइपलाइनपाशी नेलं. दूध किमान ७२ अंशांवर १५ सेकंद राहायला हवं. त्याखाली गेलं की एक व्हॉल्व्ह ते आपोआप मागे फिरवतो. सेन्सर अंशभर चढा असेल, तर ७१चं दूध ७२ समजून पुढे पॅकिंगला जाणार. हे सांगताना मुलगा खुर्चीत पुढे सरकून बसला होता.

एका औषध कंपनीत क्वालिटीच्या ताईंनी त्याला ‘अ‍ॅज फाउंड’, म्हणजे दुरुस्तीला हात लावण्याआधीच्या रीडिंगचं महत्त्व समजावलं. ऑटोक्लेव्हचा (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा) सेन्सर आधी दुरुस्त करून मग आकडा लिहिला, तर मधल्या काळातल्या बॅचेस १२१ अंशांवर खरंच निर्जंतुक झाल्या का, हे तपासायचा पुरावाच जातो. कॉलेजात ही व्याख्या त्याने पाठ केली होती. ती कशासाठी आहे ते इथे कळलं.

सगळीकडे असं झालं नाही. एका ठिकाणी ‘तुझं काम कर आणि जा’ असंही ऐकावं लागलं, आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. रात्री-अपरात्रीच्या प्रवासाचा, न मिळणाऱ्या ओव्हरटाइमचा प्रश्न वेगळा आहे. तो बुजरेपणाच्या खात्यात टाकायचा नाही, साहेबांशीच बोलायचा, हेही मी त्याला सांगितलं.

वडील अजून विचारतात, "लाइन कधी बदलणार?" त्याचं अजून ठरलेलं नाही. सध्या लॅबमधल्या सीनियरकडून तो अनसर्टन्टीचं, म्हणजे मोजमाप किती इकडेतिकडे असू शकतं याचं गणित शिकतोय, आणि ते शिकवा म्हणून त्यांच्याकडे तो स्वतःहून गेला होता.