व्यायामानंतर लवकर सावरण्यासाठी काय खावं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: व्यायामानंतर काय खावं, अर्ध्या तासाच्या आत प्रोटीन पोटात गेलं नाही तर मेहनत फुकट जाते का, आणि दूध पचत नसेल तर काय करायचं. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्या धास्तीत मी स्वतः दोन वर्षं काढली आहेत. नाही, फुकट जात नाही.

शेवटचा सेट संपला रे संपला की मी बाकावर बसूनच शेकर हलवायला लागायचो. धाप लागलेली, तोंडाला कोरड पडलेली आणि त्यात ते गोडमिट्ट पाणी घशाखाली ढकलायचं. बरेचदा मळमळायचं. मग ‘प्रोटीन तर झालं’ या समाधानात रात्री दोन घास कमीच जायचे. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आलेल्या, तिसऱ्या दिवशी नेहमीचं वजनही उचलवत नसे. दोष पावडरीचा समजून मी डबा बदलला, मग आणखी एक बदलला. शेवटी वैतागून आठवडाभर रोजचं खाणं वहीत लिहून काढलं. माझं वजन ७० किलो, आणि दिवसाचं प्रोटीन जेमतेम ५५ ग्रॅम. त्यातलं निम्मं त्या एकट्या शेकमधून येत होतं. उरलेला दिवस चहा-बिस्किटांवर चालला होता.

वजनं उचलल्यावर स्नायूंची दुरुस्ती अर्ध्या तासात उरकत नाही. नवीन प्रथिनं बांधायचा वाढलेला वेग २४ तास आणि त्याहूनही जास्त टिकतो. २०१३ साली ब्रॅड शोनफेल्ड, अ‍ॅलन अ‍ॅरागॉन आणि जेम्स क्रीगर या संशोधकांनी वेळेच्या प्रश्नावरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. व्यायामाला लागून प्रोटीन घेणाऱ्यांना वरवर फायदा दिसत होता, पण ते लोक दिवसभरातही जास्त प्रोटीन खात होते. तो फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. शिवाय व्यायामाआधी दोन-तीन तास नीट जेवला असाल, तर तुम्ही वजनं उचलत असताना ते जेवण पचतच असतं. घाई कोणी करावी? सकाळी उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांनी. त्यांच्या पोटात रात्रीपासून काही नसतं, त्यांनी दुपारच्या जेवणाची वाट बघू नये.

आता आकडे. स्नायू वाढवण्यासाठी दिवसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं. त्यापुढे मिळणारा जादा फायदा सरासरीत दिसेनासा होतो, असं २०१८ मधल्या मोठ्या विश्लेषणात दिसलं. माझ्या ७० किलोला ११२ ग्रॅम झाले. ते तीन-चार वेळांत वाटायचे. व्यायामानंतरच्या खाण्यात २० ते ४० ग्रॅम असले की झालं: फक्त हात-खांद्यांचा दिवस असेल तर २० च्या आसपास, सगळं अंग पिळून काढलं असेल तर किंवा वय साठीच्या पुढे असेल तर वरच्या बाजूला. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हे आकडे माझ्याकडून घेऊ नयेत, स्वतःच्या डॉक्टरांकडून घ्यावेत.

वीस ग्रॅम म्हणजे ताटात किती? तीन मोठी अंडी (एखादा ग्रॅम कमीच भरतो). शिजवलेलं चिकन ७० ग्रॅम. शिजवलेले हरभरे किंवा मसूर वाटीभर नव्हे, चांगले सव्वादोनशे ग्रॅम. कोरड्या सोया चंक्स ४० ग्रॅम. अंड्यातलं पिवळं फेकू नका. २०१७ च्या एका प्रयोगात व्यायामानंतर काहींना अख्खी अंडी दिली आणि काहींना तेवढंच प्रोटीन असलेलं नुसतं पांढरं. अख्ख्या अंड्यांनी स्नायूंची बांधणी जास्त झाली. मी वर्षभर पिवळं बाजूला काढत होतो, त्याचं आता हसू येतं.

कर्बोदकांबद्दल लोक उगाच घाबरतात. व्यायामात स्नायू त्यांच्यात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जाळतात आणि ती परत भरण्याचा सरळ रस्ता भात, बटाटा, ब्रेड, फळं असाच आहे. किती घाईने भरायची हे पुढचा व्यायाम कधी आहे त्यावर ठरतं. सकाळी लांब पळालात आणि संध्याकाळी पुन्हा सामना आहे, तर पहिले चार तास दर किलोमागे तासाला १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं घ्यावी लागतात. ७० किलोच्या माणसाला हे तासाला ७० ते ८४ ग्रॅम, म्हणजे जवळपास तीन केळी. बरंच झालं ना? पण तुमच्यासारखा दिवसाआड तासभर जिमला जाणारा माणूस साठा पूर्ण रिकामा करतच नाही, आणि जो खर्च होतो तो रोजच्या जेवणातून पुढच्या वेळेपर्यंत भरून निघतो. फक्त ते जेवण जेवायला हवं. रात्री भात बंद करून सकाळी पायांत जोर नाही म्हणून कुरकुरणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

पाण्याचा हिशेब वजनकाट्यावर सोपा होतो. व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी हळूहळू प्या आणि सोबत मीठ असलेलं काही खा, नाहीतर प्यायलेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. साध्या तासाभराच्या व्यायामाला एवढा काटेकोरपणा लागत नाही, तहान लागली की पाणी प्यायलं तरी भागतं.

अंगदुखीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण तुमचा खरा त्रास तोच दिसतोय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे नसतं. रक्तात वाढलेलं लॅक्टेट (त्याच अ‍ॅसिडचं रक्तातलं रूप) साधारण तासाभरात निवळतं. सवय नसलेला भार, विशेषतः वजन खाली आणताना किंवा उतार उतरताना ताणलेले स्नायू, हे त्याचं कारण. दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि कोणतंही अन्न ते पुसून टाकत नाही. नीट खाल्ल्याने बांधणी होते, पण कळ कमी होते ती मुख्यतः तोच व्यायाम पुन्हा थोडा-थोडा करत राहिल्याने. एक अपवाद लक्षात ठेवा: प्रचंड दुखणं, सूज आणि लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद, असं दिसलं तर खाण्याचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. स्नायू फुटून त्यातले घटक मूत्रपिंडात गेल्याची ती खूण असू शकते.

व्यायामानंतर ‘थोडीशी’ घेण्याबद्दलही सांगून टाकतो. २०१४ च्या प्रयोगात व्यायामानंतर भरपूर दारू प्यायलेल्यांची स्नायूबांधणी, सोबत प्रोटीन घेऊनसुद्धा, दारूविना प्रोटीन घेतलेल्यांपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी कमी पडली. त्यात पाजलेलं प्रमाण मोठं होतं, एका ग्लासाचं नव्हे. सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसाच्या गोळ्याही रोज घेऊ नका. व्यायामाने शरीरात जे बदल व्हायला हवेत त्यातले काही त्या गोळ्यांनी दबलेले आढळले आहेत. फळं-भाज्यांना ही भीती नाही.

तुम्ही सात वाजता जिममधून निघता आणि नऊला जेवता असं लिहिलंय. मग वेगळं काही करू नका, येताना एक केळं खा आणि नऊच्या जेवणातच ३० ग्रॅम प्रोटीन बसवा. दूध पचत नसेल तरी दही अनेकांना चालतं, कारण विरजणातले जीवाणू दुधातल्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात. पावडर हवीच असेल तर व्हे आयसोलेट (दुधातलं प्रोटीन वेगळं काढून केलेली पावडर) घ्या, त्यात ही साखर फार थोडी असते. नाहीतर अंडी, मासे, सोया आहेतच. फक्त सोया चंक्स जिमच्या आधी खाऊ नका. स्क्वॉटच्या रांगेत सगळ्यांसमोर पोट वाजलं होतं माझं.